समुद्रघोड्याची पिल्लं

जयपूरला आमच्या घरात मराठीची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी बाबांची स्कूटर फाटकातून आत आली, त्यांनी हेल्मेट खुंटीला लावलं, की घरात हिंदी बंद. त्यानंतर माझ्या तोंडून चुकून "मतलब" निघालं तर ते चष्म्यावरून नुसते बघायचे आणि मी "म्हणजे" म्हणून वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायची. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. लोकांनी केलेले दावे खरे की खोटे हे कागदपत्रं पाहून ठरवणं हे त्यांचं काम. तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. इंदूर झालं, भोपाळ झालं, मग जयपूर. प्रत्येक बदलीत एखादं भांडं हरवायचं, एखादं पुस्तक हरवायचं, तशी एक दिवस भाषाही कुठल्यातरी खोक्यात मागे राहील अशी त्यांना भीती वाटायची. म्हणून त्यांनी मला ऑफिसातली एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची जुनी डायरी आणून दिली आणि सांगितलं, "वैजू, रोज एक पान मराठीत लिहायचं. काय लिहायचं ते तुझं तू ठरव." पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मीही कधी त्यांना तसं म्हटलं नाही.

बनी पार्कातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी गच्चीवर मोर ओरडायचे आणि स्टेशनाकडून डब्यांना डबे जोडल्याचे धक्के ऐकू यायचे. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरला वाळ्याचा वास यायचा, हिवाळ्यात सगळ्या गल्लीला गाजराच्या हलव्याचा. आईचं माहेर देवगडजवळच्या समुद्रकाठच्या एका गावात. तिथून वाळवंटाच्या दारात येऊन पडलेली ही बाई शेजारणींकडून गट्ट्याची भाजी शिकली, केर-सांगरी शिकली, बाजरीची भाकरी तर त्यांच्यापेक्षा पातळ थापायला लागली. पण कोकम संपलं की तिचा चेहरा उतरायचा. माहेरून आलेली सुकट ती एका पत्र्याच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात अशी ठेवायची. महिन्यातून एखाद्या रविवारी ती सुकट भाजायला घ्यायची आणि बाबा घरभर फिरून खिडक्या लावायचे. सगळी गल्ली शाकाहारी. बाबा दाराशी दोन उदबत्त्या पेटवून पहारा दिल्यासारखे उभे राहायचे आणि आत आम्ही धुराने डोळे चोळत जेवायचो.

बंगल्याच्या पुढच्या भागात घरमालकीण राहायच्या. त्या राजपूत, वयाने साठीच्या, नवरा वारल्यावर त्यांनी पुढच्या खोल्यांत परदेशी पाहुण्यांसाठी गेस्ट हाऊस चालू केलं होतं. सगळे त्यांना काकीसा म्हणायचे. सुकटीचा वास फक्त त्यांनाच लगेच कळायचा. "आज समंदर आया है क्या?" असं त्या अंगणातून विचारायच्या आणि बाबा ओशाळायचे. पाहुणे गेले की खोलीत मासिकं राहायची, गुळगुळीत कागदाची, जगभरच्या चित्रांची. काकीसांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण छापील कागद रद्दीत टाकणं त्यांना पाप वाटायचं. गठ्ठा बांधून त्या मला हाक मारायच्या, "ले बाईसा, तेरा खज़ाना." त्यांच्या घरात लेकीला मानाने बाईसा म्हणत. आमच्या मराठीत बाई म्हणजे शाळेतली शिक्षिका. आणि माझ्या शाळेत बाई म्हणजे भांडी घासणारी. या एका शब्दाच्या तीन पायऱ्यांवर मी पुढे कशी आपटले ते सांगतेच.

त्या गठ्ठ्यांतून मी माझं रोजचं पान भरायला लागले. डायरीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "जगातल्या अजब पण खऱ्या गोष्टी". "पण" या शब्दाखाली दोन रेघा होत्या. अटलांटिक महासागरातल्या एका डोंगराळ बेटावर माणसं दरीच्या पलीकडच्या माणसाशी शिट्टी वाजवून बोलतात, नुसती हाक नव्हे, सबंध वाक्यं. आफ्रिकेत तळं आटलं की एक मासा चिखलात कोश करून झोपतो आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पाण्यावाचून जगतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. अमेरिकेच्या एका वाळवंटात माणसाला न उचलता येणारे धोंडे आपोआप सरकतात, मागे माग सोडतात, आणि ते कसे सरकतात हे कुणालाच ठाऊक नाही. (आता ठाऊक आहे. तिथे थंडीत पाण्यावर बर्फाचा पातळ थर धरतो आणि वाऱ्याने तो थर धोंड्याला ढकलतो. हे वाचलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, आणि खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं.) बाबा दर रविवारी डायरी तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, आणि मग विचारायचे, "हे कुठं छापलंय? चित्र आहे का?" त्यांच्याच सांगण्यावरून मी प्रत्येक पानाखाली "आधार" असा शब्द लिहून मासिकाचा अंक नोंदवू लागले. आधार नसेल तर ते पान बाबा फुली मारून परत करायचे.

समुद्रघोड्याचं पान मी नोव्हेंबरात लिहिलं. पान लिहिल्यावर मला राहवलं नाही आणि डायरी मी शाळेत नेली. माझ्या बाकावर मंजू बसायची, शेखावाटीकडची, वडिलांचं किराणा दुकान. तिला मी रोज मधल्या सुट्टीत एक अजब गोष्ट हिंदी करून सांगायची. त्या दिवशी सुट्टीपर्यंत धीर धरवला नाही. हिंदीच्या तासाला मी बाकाखाली डायरी उघडली आणि तिच्या कानाशी लागले. मिश्रा मॅडम हिंदी शिकवत. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. त्या चालत आल्या, डायरी उचलली आणि देवनागरीच आहे म्हटल्यावर सरळ मोठ्याने वाचायला लागल्या.

"नर समुद्रघोडा पिल्लं पोटात वाढवतो."

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग वर्गाला म्हणाल्या, "सुनो भई, समुद्र का घोड़ा है, और उसके पेट में पिल्ले पल रहे हैं."

हिंदीत पिल्ला म्हणजे कुत्र्याचं पोर. पन्नास मुली एकदम हसल्या. कुणीतरी मागून भुंकल्याचा आवाज काढला. मॅडमही हसत होत्या आणि त्याच ओघात त्यांनी पुढचं वाक्य वाचलं, जे मी दोन दिवसांपूर्वी, स्वतःशी बोलावं तसं, समासात लिहिलं होतं: "बाईंना सांगितलं तर त्या चेष्टा करतील."

"बाई किसको लिखा है?" त्यांनी विचारलं. हसू गेलं होतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "आपको, मैडम. मराठी में टीचर को बाई कहते हैं. और पिल्ले मतलब कुत्ते के नहीं, किसी के भी बच्चे."

"अच्छा. तो घोड़े के पेट में बच्चे?"

"मछली है मैडम, शकल घोड़े जैसी है. मादा अंडे देती है और नर अपने पेट की थैली में रखता है. जन्म वही देता है. बाप."

या वेळी वर्ग हसला नाही. आठवीतल्या मुलींच्या वर्गात "जन्म" हा शब्द असा उघड कुणी उच्चारायचा नसतो हे मला तेव्हा, ती शांतता पडल्यावर कळलं. मंजूने मान खाली घातली. मिश्रा मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डायरी बंद करून त्या एवढंच म्हणाल्या, "चलो. बड़ी मैडम के पास."

बड़ी मैडम म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. उंच, सडपातळ, खळ घातलेली सुती साडी, आणि बोलताना आवाज कधी चढत नसे. ही शाळा त्यांनी दोन भाड्याच्या खोल्यांतून उभी केली होती, घरोघर जाऊन आयाबापांना विनवून मुली आणल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसल्या त्या टेबलावरच्या पितळी घंटेवर बोट ठेवून माझी डायरी चाळणाऱ्या एक कठोर बाई. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग सावकाश म्हणाल्या, "यहाँ लड़कियाँ बड़ी मुश्किल से आती हैं, बेटी. एक ऐसी-वैसी बात घर पहुँचती है और चार नाम कट जाते हैं. तुम लिखकर दो कि तुमने झूठी और अशोभनीय बात फैलाई. कल प्रार्थना में पढ़ देना. बात ख़त्म."

"झूठी नहीं है, मैडम."

"तुमने देखी है?"

"पढ़ी है. फोटो है. कल लाती हूँ."

त्यांनी मान हलवली, तो होकार होता की नकार ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मासिक घेऊन गेले. समुद्रघोड्याचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. पोट फुगलेला नर, शेपटीने शेवाळाला धरलेला, आणि त्याच्या पोटातून धुरासारखी बाहेर पडणारी इवली इवली पिल्लं. त्या पानाकडे त्यांनी पाहिलं, खरंच पाहिलं, मला आठवतं. पण मग त्यांनी पान उलटलं. उलट बाजूला कुठल्याशा सुटकेसची जाहिरात होती आणि पोहण्याच्या कपड्यांतली एक गोरी बाई त्या सुटकेसवर बसून हसत होती. मासिक मिटलं आणि टेबलाच्या खणात गेलं. "तो ये सब पढ़ती हो," त्या म्हणाल्या. माझा एकुलता एक पुरावा त्या सुटकेसवरच्या बाईने बुडवला.

बाबांना बोलावणं आलं. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लग्नाला घालायचा कोट घालून आले. मी दाराजवळ उभी. बड़ी मैडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारलं, "आप पढ़े-लिखे अफ़सर हैं. आप ही बताइए, बाप के पेट में कभी बच्चे हुए हैं?"

बाबांनी चहाचा कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाले, "मैंने देखा नहीं, मैडम. इसलिए हाँ नहीं कह सकता. ना भी नहीं कह सकता."

"लेकिन चिट्ठी तो लिखवाएँगे?"

"जी. समझा दूँगा."

स्कूटरवर मागे बसून घरी येताना मी नेहमीसारखं त्यांचा कोट धरला नाही. सीटच्या कडेला धरून बसले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. हातात कागद, त्यावर त्यांच्या वळणदार हिंदीत दोन ओळी. "हे उतरून काढ," ते म्हणाले. "दोनच वाक्यं आहेत."

"खोटी आहेत."

"वैजू, पंधरा दिवसांवर सहामाही आलीय. त्या म्हणतात, लिहून देईपर्यंत वर्गात घेणार नाही. परीक्षा बुडाली तर वर्ष जाईल. वर्षाच्या मधे दुसरी शाळा घेत नाही. आपण बदलीवर उशिरा आलो तेव्हा ही शाळा किती ओळखी काढून मिळाली ते तुला माहीत आहे."

"बाबा, तुम्ही एखादा दावा खोटा ठरवता तेव्हा काय बघता?"

"कागद बघतो."

"माझ्याकडे कागद होता. त्यांनी खणात टाकला. उद्या तुमच्या ऑफिसात कुणी असाच कागद खणात टाकला आणि त्या माणसाला म्हणाला की तूच लिहून दे मी खोटा, तर तुम्ही त्याला काय सांगाल?"

बाबा हातातल्या कागदाची कड सारखी करत राहिले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पाठमोरी होती. आता तिने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत वळली. "मी घेतलाय तो घोडा हातात," ती म्हणाली. "आमच्या रापणीत यायचा. जाळं ओढून वाळूत आणलं की मासळी निवडताना मधेच हा एवढासा, बोटाएवढा. आम्ही पोरी तो वाळवून वहीत ठेवायचो. त्याची शेपटी बोटाला धरते, बाळाने धरावी तशी. बाप पोटात वाढवतो हे मला ठाऊक नव्हतं. पण फुगलेल्या पोटाचा मी पाहिलाय, आणि आम्ही सगळ्या त्याला आई समजायचो."

मग बाबांकडे बघून ती म्हणाली, "अहो, तिला जे खरं वाटतं, छापलेलं आहे, चित्रात आहे, ते नाही म्हणून लिहून द्यायला नका सांगू. वर्ष गेलं तर जाऊ दे. घरी शिकवीन मी."

"तू?" बाबा म्हणाले. वाईट हेतूने नाही, नवलाने.

"मी. मला काही येतच नाही असं आहे का?"

आई अकरावीपर्यंत शिकलेली होती आणि तो दिवस येईपर्यंत तिने आमच्या घरात हा प्रश्न कधी विचारला नव्हता. बाबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडला नाही. बाबा कागद फाडत नसत. पुढच्या रविवारी आईने सुकट काढली. बाबा सवयीने खिडक्या लावायला निघाले तर ती म्हणाली, "राहू दे उघडी." वास गल्लीभर गेला. समोरच्या घरातल्या काकींनी त्यांची खिडकी लावून घेतली, एवढंच झालं. इतकी वर्षं आपण ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं हे पाहून बाबांना बहुधा जेवण गोड लागलं नाही, पण ते जेवले, आणि उदबत्ती पेटवायची त्यांना आठवण झाली नाही.

मला वर्गाबाहेर काढलं होतं, शाळेबाहेर नाही. बड़ी मैडमच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मी तिथे बसायचं. शाळेतली आया येऊन मला एक रेघी कागद आणि पेन द्यायची आणि म्हणायची, "माफ़ी लिख दे, बिटिया, ठंड में क्यों मरती है." थंडी खरीच होती. अकरापर्यंत त्या बाकावर ऊन येत नसे. पहिल्या दिवशी मी तो कागद कोरा परत केला. दुसऱ्या दिवशी कोरा कागद परत करणं मला पराभवासारखं वाटलं. मी त्यावर लिहिलं, हिंदीत, सुवाच्य अक्षरांत: "ऑक्टोपस के तीन हृदय होते हैं और उसका ख़ून नीला होता है." खाली लिहिलं, आधार, आणि मासिकाचा अंक. चार वाजता कागद आत गेला. काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शिट्टीत बोलणारी माणसं लिहिली. चौथ्या दिवशी तो बेडूक, जो हिवाळ्यात गोठून दगड होतो, ज्याचं हृदय थांबतं आणि वसंतात पुन्हा सुरू होतं. पाचव्या दिवशी मेघालयातले झाडाच्या जिवंत मुळांचे पूल. ते पान लिहिताना मला फार बरं वाटलं, कारण ती गोष्ट आपल्याच देशातली होती आणि तरी शाळेत कुणाला ठाऊक नव्हती.

सहाव्या दिवसापासून एक नवीन प्रकार सुरू झाला. पाणी प्यायला जाणाऱ्या मुली मुद्दाम माझ्या बाकावरून जायला लागल्या आणि न थांबता पुटपुटायच्या, "आज क्या लिखा?" मी तोंड न हलवता सांगायची. संध्याकाळपर्यंत ते नववी-दहावीत पोहोचलेलं असायचं. मंजू रोज डब्यातली एक पुरी कागदात गुंडाळून बाकाच्या कोपऱ्यावर ठेवून जायची. एकदा मिश्रा मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "चेष्टा का मतलब मराठी में क्या होता है?" मी सांगितलं, थट्टा. "हमारे यहाँ तो प्रयत्न होता है," त्या म्हणाल्या. "मैं सोचती रही, इसने लिखा है कि मैं प्रयत्न करूँगी." थोडा वेळ तिथेच घुटमळून त्या निघून गेल्या.

माझी नात परवा फोनवर समुद्रघोड्याची चित्रफीत दाखवत होती. नर शरीराला आचके देतो आणि पिल्लांचा ढग पाण्यात सुटतो. मी तिला ही सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "आजी, पण यात भांडण्यासारखं काय होतं?" त्या बाकावर मी समुद्रघोड्यासाठी बसले नव्हते. मला एवढंच ठाऊक होतं की त्या दोन ओळी लिहिल्या तर यानंतर मी काहीही वाचलं, काहीही पाहिलं, तरी आधी कुणाचा तरी चेहरा बघेन आणि मग ते खरं आहे की नाही ते ठरवीन. तेराव्या वर्षी हे मला अशा शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा फक्त दात घट्ट आवळून बसता येत होतं.

नवव्या दिवशी गुरुवार होता. सोमवारपासून सहामाही. त्या दिवशी मी आपल्याच गावातलं लिहायचं ठरवलं. दगडी वेधशाळेत आम्ही कोजागरीच्या सुमारास गेलो होतो आणि बाबांनी मला तिथल्या प्रचंड सूर्यघड्याळाच्या कमानीजवळ उभं करून सावलीच्या कडेवर बोट ठेवायला सांगितलं होतं. मी लिहिलं: "हमारे शहर की बड़ी धूपघड़ी की छाया चलती हुई आँख से दिखाई देती है. एक मिनट में तीन-चार अंगुल. आधार: मैंने देखा है."

त्या दिवशी कागद आत गेला आणि पाच मिनिटांत घंटा वाजली. आया म्हणाली, बुलाया है.

बड़ी मैडमच्या टेबलावर माझे सगळे कागद एकावर एक, टोकाला टाचणी लावून ठेवलेले होते. त्या म्हणाल्या, "मेरा जन्म जयपुर का है. बचपन से सौ बार गई हूँ वहाँ. मैंने तो छाया चलती नहीं देखी."

"खड़े रहकर देखना पड़ता है, मैडम," मी म्हणाले.

हे उद्धटपणे म्हटलं होतं का? आज मला वाटतं, हो, थोडं उद्धटपणेच. नऊ दिवसांची थंडी त्यात होती. त्यांनी सगळ्यात वरचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "माफ़ी नहीं लिखोगी."

"नहीं, मैडम."

"घर से किसी ने मना किया है?"

"माँ ने कहा है, साल जाता है तो जाए."

का कोण जाणे, त्यांचा चेहरा पहिल्यांदा हलला. कदाचित इतकी वर्षं घरोघर फिरून त्यांनी मुलींच्या आयांकडून नेमकं याच्या उलट ऐकलं असेल. त्यांनी टाचणी काढून कागद सारखे केले, पुन्हा लावली. "कल से क्लास में बैठो," त्या म्हणाल्या. "प्रार्थना में कुछ नहीं पढ़ना है. लेकिन आचरण का नंबर मैं नहीं बदलूँगी. तुमने मेरी बात नहीं मानी, ये तो सच है न?"

"जी, सच है," मी म्हणाले. यावर मला वाद घालता येईना.

त्या वेधशाळेत जाऊन उभ्या राहिल्या की नाही, मला माहीत नाही. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डायरी मला परत मिळाली नाही, मासिकही नाही. काकीसांना मी ते भीतभीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "रख लिया मतलब पढ़ेगी," आणि नवा गठ्ठा माझ्या हातात दिला. मंजूच्या घरापर्यंत समुद्रघोडा पोहोचला होता. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं म्हणे, की तो मासा विकायला कुठे मिळतो. शाळेतून एकाही मुलीचं नाव कमी झालं नाही.

जानेवारीत प्रगतिपुस्तक आलं. गुण चांगले होते, हिंदीत तर वर्गात दुसरी. पण खाली, जिथे इतर सगळ्यांच्या पुस्तकात "उत्तम" किंवा "संतोषजनक" असायचं, तिथे बड़ी मैडमच्या सरळ, शांत अक्षरांत लिहिलं होतं, "आचरण: असंतोषजनक". त्याच्या खाली पालकांच्या शेऱ्यासाठी एक रिकामी ओळ आणि सहीसाठी एक चौकोन. मी ते पुस्तक बाबांच्या समोर ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांत बाबांनी त्या शेऱ्याच्या ओळीवर कधी काही लिहिलं नव्हतं. सही करून द्यायचे.

त्यांनी पुस्तक दोनदा वाचलं, दाव्याचा कागद वाचावा तसं, वरून खाली आणि पुन्हा वरून. चष्मा काढला, पुसला, घातला. मग ऑफिसचं पेन काढलं आणि रिकाम्या ओळीवर, एकेक अक्षर कोरत, हिंदीत लिहिलं: "हमें संतोष है." खाली चौकोनात सही केली आणि पुस्तक माझ्याकडे न देता आईपुढे सरकवलं.

आईने हात पुसले, पेन घेतलं आणि बाबांच्या सहीशेजारी आपलं सबंध नाव लिहिलं, मराठीत, माहेरच्या गावासकट. चौकोन एकाच सहीपुरता होता. तिचं नाव रेघेबाहेर गेलं.